ब्लेक अँड किंग, मुक्काम बोरी बुद्रुक

मी आयुष्यात दोन मुलं जन्माला घातली आणि दोन साहेब. मुलांच्या वेळी निदान सुईण हाताशी होती. साहेब मात्र मी एकटीनं, एका दुपारी, जेवणाच्या टेबलावर घातले. त्यांची नावं ब्लेक आणि किंग, राहणार बर्मिंगहॅम. यंदाच्या चैत्रात त्या दोघांना मूठमाती देऊन मी नुकतीच परत आले आहे. जुन्नर म्हटलं की शिवनेरीच्या पायऱ्या मोजून परत फिरणाऱ्या पुणेकरांसाठी हा वृत्तांत.

आधी त्या साहेबांचा जन्म सांगते. एक्क्याण्णव साली मी बावन्न वर्षांची तरुण होते आणि मला जुन्या वस्तूंची बाधा झाली होती. जुन्नरच्या बाजारात एक जत्रेवाला आपला पसारा विकत होता. त्यात एक लोखंडी पेटी दिसली. वर नाण्यासाठी फट, बाजूला दांडा, समोर काचेमागे तीन चाकं. आठ आणे टाकायचे, दांडा ओढायचा, चाकं गरगरून थांबतात. तीन चित्रं सारखी आली की कप्पा उघडून खालच्या वाटीत पितळी बिल्ला पडायचा, आणि तो दाखवला की जत्रेवाला रेवड्या द्यायचा. कधीकाळचे बिल्ले केव्हाच संपले होते, पण चाकं झकास फिरत होती. जुगाराचीच मशीन, पण सोवळ्यातली.

"हितलंच हाय बाई हे. आपल्याकडंच घडलंय," जत्रेवाला म्हणाला.

मी त्याच्याकडे बघून हसले. ते हसू आठवलं की आजही मला माझ्याच गालावर एक द्यावीशी वाटते. अडाणी माणसाला समजून घेणाऱ्या बाईचं हसू होतं ते.

कारण मला पेटीच्या कपाळावर ठोकलेली इंग्रजी अक्षरं दिसली होती. बी, मग टिंब, मग बी आणि के. घरी आल्यावर मी दोन पुस्तकं चाळली आणि निकाल लावला: पहिला बी बर्मिंगहॅमचा, पुढचे ब्लेक आणि किंग. एका दिवाळी अंकात 'बर्मिंगहॅमचा पाहुणा' नावाचा लेख दिला. चाकांवरची चित्रं म्हणजे चर्चची घंटा, प्लम, ट्युलिपची कळी आणि पेअर, असं छातीठोक लिहिलं. किंगसाहेबांना मिशाही दिल्या. फट पेनीच्या मापाची आहे, हेही ठोकून दिलं. पेनी मी जन्मात पाहिली नव्हती आणि त्या फटीत आपले आठ आणे बिनतक्रार जात होते.

लेख वाचून आमचे हे म्हणाले, "बी. बी.के.? सोपं आहे. बायकोची बडबड, कायमची."

हे गेले. बडबड राहिली. आणि अकरा वर्षांनी पत्र आलं. वहीच्या पानावर मोठाली, एकमेकांना धरून चालणारी अक्षरं.

"बाईस नमस्कार. तुमी मशीनचं लिवलं ते चूक हाय. मशीन माझ्या बापानी केली. धोंडिबा लोहार बोरीवाले. तुमचा कागद गावात वाचला तवापासून लोक त्याला थापाड्या म्हंत्यात. तो अकरा वर्सं यात्रेला गेला न्हाई. वय ऐंशी हाय. ह्या चैतात यात्रा हाय. मशीन घिऊन या आन बघा. तुमचा पत्ता त्या कागदाखाली व्हता. मी गेल्या सालीच लिवाय शिकले. चूकभूल माफ. हौसा, तळेघर."

हे वाचून मला पाझर फुटला असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. मला राग आला. मी निघाले ती ब्लेक आणि किंग यांची अब्रू राखायला.

देवाचं तिकीट

बरोबर नणंद होती, शकू. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण टोमण्यांत वडीलधारी. पेटी आम्ही माझ्या जुन्या हिरव्या लुगड्यात गुंडाळली, दोरीनं बांधली आणि शिवाजीनगरला हमालाकडून नाशिक गाडीत चढवून घेतली.

"आजी, ह्याच्यात काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

लगेजचे पैसे वाचवायला शकू म्हणाली, "देव आहे."

झालं. पलीकडच्या बाईनं पाया पडून गजरा वाहिला. राजगुरुनगरला एका म्हाताऱ्यानं लुगडं चाचपून फट शोधली आणि भक्तिभावानं आठ आणे आत सोडले. त्याच वेळी गाडी खड्ड्यात गेली, दांडा सीटला आपटला आणि लुगड्याच्या आत चाकं घरघरली.

"जागृत हाय!" म्हातारा किंचाळला. आळेफाट्यापर्यंत आमच्या देवाजवळ तीन नारळ जमले. कंडक्टरनं तिकीट फाडलं नाही, उलट उतरताना पेटीला खांदा दिला.

आळेफाट्याला ट्रकांचे भोंगे, गॅरेजांतली ठोकाठोक आणि कांद्याचा वास. तिथल्या हॉटेलात आम्ही मासवडी मागवली. एक्क्याण्णव साली मी या नावाला दचकून केळ्यांवर दिवस काढला होता, आणि पुण्यात जाऊन 'तिकडे मासे फार खातात' असं सांगितलं होतं. ही बेसनाच्या पोटात तिळाखोबऱ्याचं सारण भरलेली वडी आहे, बरोबर झणझणीत रस्सा. शकूनं दोन ताटं संपवली आणि म्हणाली, "वहिनी, तुझ्या संशोधनावर विश्वास ठेवला असता तर मी आज उपाशी मेले असते."

हात धुवायला बाहेर आले तर समोरच्या वखारीत कांद्याची रास होती. वरचा एक कांदा मी उचलला. बुडाला बारीक मुळं, टोकाला शेंडी, गाल जांभळट. चाकावरच्या माझ्या प्लमलाही शेंडी होती.

बी-के

यात्रा दोन दिवसांवर होती, म्हणून पेटी आळेफाट्याच्या लॉजवर मॅनेजरकडे ठेवून आम्ही जीपनं बोरी बुद्रुकला गेलो. जीप थांबली तिथे गावाची पाटी होती. वर मराठीत 'बोरी बु॥' आणि खाली तेच इंग्रजीत: बोरी, आणि पुढे बी-के.

मी पाटीसमोर इतका वेळ उभी राहिले की ड्रायव्हर म्हणाला, "आजी, वाचता येत न्हाई का? बोरी बुद्रुक हाय ते."

बुद्रुक म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे लहान. शाळेतल्या पोरालाही हे माहीत असतं. कागदोपत्री बुद्रुकचं बु॥ होतं आणि इंग्रजीत बी-के. आमच्या वडिलांच्या मनीऑर्डरी वडगाव बी-के म्हणून यायच्या. मी स्वतः त्या घेतल्या आहेत, सह्या करून! आणि लोखंडावर तीच अक्षरं दिसल्यावर बाई सात समुद्र ओलांडून गेली.

शकू काही बोलली नाही. ती गप्प राहिली की समजावं, साठवते आहे.

पारासमोर गुलाबभाऊंचं चहाचं दुकान. आत शिरले आणि भिंतीवर माझाच लेख! काचेच्या फ्रेममध्ये, माझ्या काळ्या चष्म्यातल्या फोटोसकट. खोटं कशाला बोलू, पाटीवरचा बी-के मी क्षणभर विसरलेच. पदर सारखा केला. गुलाबभाऊंनी ओळखलं नाही. अकरा वर्षं आणि दहा किलो मध्ये गेले होते.

"हा लेख इथे कसा?" मी अगदी निरागसपणे विचारलं.

"ह्यो व्हय? आमच्या धोंडिबा थापाड्यासाठी लावलाय. जत्रेत ती मशीन यायची ना, तवा धोंडिबा म्हणायचा, म्या बनवली. निम्मं गाव खरं मानायचं, निम्मं न्हाई. लई वाद राव! मंग मास्तरांनी हे पारावर वाचून दावलं. बर्मिंगहॅम! विषयच मिटला." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "ही बाई लई हुशार."

"हो ना," शकू चहात बिस्किट बुडवत म्हणाली. "चेहऱ्यावरच दिसतंय."

मी चहा तसाच ठेवला. पोरं काचेवर बोटं ठेवून वाचत असणार, मोठी माणसं हसत असणार, आणि हे अकरा वर्षं चाललं होतं. फ्रेमची काच मात्र लखलखीत होती. रोज पुसत असावेत.

तळेघर

मंचर, घोडेगाव करत दुसऱ्या दिवशी तळेघरला पोचलो. शेवटची गाडी चुकली म्हणून अर्धी वाट दुधाच्या टेम्पोतून आणि उरलेली पायी. डोंगर उन्हानं तांबूस झालेले, भाताची खाचरं उघडी पडलेली. प्रत्येक अंगणात काहीतरी हिरवट-काळं वाळत घातलेलं होतं. एका बाईला विचारलं, हे काय?

"हिरडा हाय की. औषधाला जातो."

एक ओला हिरडा हातात घेतला. लांबट, मधे फुगीर, अंगावर उभ्या कडा. शकूनं माझ्या हातात डोकावून पाहिलं.

"पेअर छान आलेत यंदा," ती म्हणाली.

साठवलेलं बाहेर पडायला लागलं होतं.

धोंडिबा लोहार लेकीच्या पडवीत विळ्याला धार लावत बसले होते. बोरीतल्या विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या, रहाटांची कामं संपली, म्हणून ते इकडे डोंगरात कोयते-विळे करायला आले ते इथलेच झाले. किडकिडीत अंग, पण हात मात्र दुसऱ्या कुठल्या थोराड माणसाचे वाटावेत असे. हौसा माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. तिनं आधी पाणी दिलं, मग विचारलं, "तुमी कोन?"

वाटेत मी तीन सभ्य वाक्यं तयार केली होती. तोंडातून निघालं ते असं: "फोटोतली बाई. काळ्या चष्म्याची."

हौसाचा हात तोंडावर गेला. धोंडिबांनी विळा खाली ठेवला, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.

"बर्मिंगहॅम! कुठं हाय वो त्ये?"

"मीही पाहिलेलं नाही," मी म्हणाले. "पण बाबा, तुम्ही इंग्रजी अक्षरं कशाला ठोकलीत? मराठीत लिहिलं असतं तर..."

"मराठीत लिवलं असतं तर कोन आलं असतं? जत्रेवाल्याची विलायती मशीन मोडली व्हती. त्यो म्हनला, तसलीच दुसरी कर, पर विलायती दिसाय पायजे. पोष्टातल्या बाबूनं कागदावर गावाचं नाव काढून दिलं, त्ये ठोकलं. तुमी फसला म्हंजी काम झ्याक झालं!"

ही पावती मी आयुष्यभर जपणार आहे.

"मग गावाचा राग का धरलात?"

त्यांचं हसू ओसरलं. "जत्रंतलं गिऱ्हाईक फसलं, चालतंय. तुमी फसला, चालतंय. पर कांदा माझ्या गावचा, मिरची माझ्या गावची, घंटा माझ्या बैलाच्या गळ्यातली, हिरडा डोंगरातनं आमच्या बाजाराला येनारा. गावानी वळखायला पायजे व्हतं."

हौसानं नाचणीची भाकरी आणि हुलग्याची शेंगोळी वाढली. माझ्या आजोळी शेंगोळी हा आजाऱ्याचा पदार्थ, पातळ आणि दीनवाणा. इथे वरून लसणाची फोडणी घातलेली, घाम फोडणारी. जेवता जेवता म्हाताऱ्यानं खरी गोष्ट सांगितली. प्रत्येक चाकाला वीस दाते. तिसऱ्या चाकाची वाटणी करताना कानस चुकली आणि एकोणीसच बसले. त्यामुळे तिन्ही हिरडे कधी एका ओळीत येईनात. म्हणून घाबरत घाबरत जत्रेवाल्याला सांगितलं, तर तो खूश. मोठं बक्षीस पाटीवर लिहायचं आणि ते कधी कुणाला लागू नये, हेच त्याला हवं होतं.

"कधीच लागत नाही?" मी विचारलं. आमच्याकडे अकरा वर्षं नातवंडांनी दांडा ओढला. घंटा आल्या, कांदे आले. तीन हिरडे एकदाही नाहीत.

"मला लागतं," धोंडिबा म्हणाले. "दांडा खाली न्यायचा, सोडायच्या आदी वाईच वर उचलायचा. चुकलेला दात तिथं गावतो. ज्यानी चूक केली त्यालाच ठावं. आन त्या मोठ्या बक्षिसाच्या कप्प्यात म्या काय ठिवलंय, त्ये जत्रेवाल्यालाबी ठावं न्हाई."

"काय ठेवलंय?"

"हितं न्हाई सांगनार."

"मग यात्रेला चला. पारावर सांगा."

ते हातांकडे बघत राहिले. "पन्नास वर्सं होत आली, बाई. आतला खटका गंजला आसंल तर? एकदा थापाड्या झालो, त्ये सोसलं. दोनदा कसा व्हऊ?"

"गंजला नाही," मी म्हणाले. "दर दसऱ्याला मी त्याला शिलाई मशीनचं तेल घालते. ब्लेकसाहेबांना हार घालून."

"आबा, चला," हौसा म्हणाली. "म्या लिवाय शिकले ती ह्याच्यासाठीच."

पाय आखूड

यात्रेच्या दिवशी सकाळी लॉजवर गेलो तर मॅनेजरनं पेटीपुढे उदबत्ती लावलेली. ती विझेपर्यंत त्यानं आम्हाला हलू दिलं नाही.

बोरीत हलगी वाजत होती, कुस्त्यांसाठी माती भिजवली होती, भेळ-जिलबीची पालं लागली होती. पेटी पारावर ठेवून मी लुगडं सोडलं आणि धोंडिबांचा हात धरून उभी राहिले, तेव्हा हलगी आपोआप थांबली.

"थापाड्या आला रं!" कुणीतरी ओरडलं.

"थापाडी मी," मी ओरडले. "ती फोटोतली बाई मीच." गुलाबभाऊ किटली घेऊनच बाहेर आले. कधी माझ्याकडे बघत, कधी आपल्या भिंतीकडे. मी बी-के सांगितलं, कांदा सांगितला, हिरडा सांगितला. लोक हसले, पण एक जण म्हणालाच, "हे आता सगळे म्हंतील. मशीन त्यानीच केली कशावरनं?"

"तीन हिरडे आणून दावतो," धोंडिबा म्हणाले.

जुन्या लोकांना माहीत होतं, तीन हिरडे कुणी पाहिलेले नाहीत. मी आठ आणे टाकले. त्यांनी दांडा ओढला, थोडा वर उचलला, सोडला. हिरडा. हिरडा. कांदा.

"कांदा!" पोरं नाचली. "कांदा, कांदा!"

हौसानं डोळे मिटले. मीच या माणसाला डोंगरातून ओढून आणलं होतं. पण धोंडिबांचं लक्ष गर्दीकडे नव्हतं. ते वाकून पेटीच्या पायांकडे बघत होते.

"डावा पाय आखूड ठिवलाय म्या," ते पुटपुटले. "जत्रंत मातीत बसायची, तवा समदं सारखं व्हायचं. हा पार सपाट हाय. डाव्या पायाखाली कायतरी पायजे. चार घड्यांचा कागद."

मी इकडे तिकडे पाहिलं, आणि कागद दिसला. सरळ दुकानात गेले, फ्रेम उतरवली, पाठीमागचे खिळे शकूनं हेअरपिननं उचकटले. 'बर्मिंगहॅमचा पाहुणा' बाहेर काढून त्याच्या चार घड्या घातल्या, काळा चष्मा बरोबर आत, आणि पेटीच्या डाव्या पायाखाली सारला.

"वहिनी," शकू म्हणाली, "अखेर तुझ्या लेखाचा उपयोग झाला."

पुन्हा आठ आणे. दांडा खाली. जरासा वर. सोडला.

हिरडा.

हिरडा.

तिसरं चाक फिरत राहिलं, दमलं, कांद्यावर आलं, कांद्यावरून पुढे सरकलं आणि टक्कन थांबलं.

हिरडा!

पेटीच्या पोटात काहीतरी सुटलं आणि वाटीत खणखणत बिल्ले पडले, एकावर एक, वाटी भरून पारावर सांडले. गुलाबभाऊंनी एक उचलला, शर्टला पुसला आणि डोळ्यांजवळ नेला. अकरा वर्षं त्यांनीच ती काच पुसली होती. वाचायचं कामही त्यांच्याच वाट्याला आलं.

"धोंडिबा लोहार," ते म्हणाले. मग गर्दीकडे वळून पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "धोंडिबा लोहार, बोरी बु॥!"

अक्षरं मराठी होती. एकेक छिन्नीनं कोरलेलं.

"वर विंग्रजी घातलं त्ये गिऱ्हाइकासाठी," धोंडिबा म्हणाले. "आतलं माझ्यासाठी. कोनी बघनार न्हाई म्हनून घातलं, आन कोनीतरी बघावं म्हनूनबी."

मग हलगीनं जो कडकडाट केला त्यात पुढचं काही ऐकू आलं नाही. कुस्तीच्या विजेत्यासाठी आणलेला फेटा आखाड्यातल्या वस्तादांनी धोंडिबांच्या डोक्याला बांधला. दोन पैलवानांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि वरून ते ओरडत होते, "आरं हळू, माजाबी डावा पाय आखूड हाय!" हौसा बिल्ले ओंजळीत घेऊन ज्याला त्याला वाचून दाखवत होती. तेवढ्या चार शब्दांत तिला सबंध साक्षरता वसूल करायची होती.

मी पेटी गावाला देऊन टाकली. गुलाबभाऊंनी ती दुकानात, रिकाम्या फ्रेमखाली ठेवली आहे. लेख पायाखालून काढायचा नाही असा ठराव पारावरच झाला. थापाड्या ही पदवीही वाया गेली नाही. निघताना पोरं जीपमागे धावत होती: "थापाडी आजी, पुढल्या यात्रेला या!" शकूनं सगळ्यांच्या वतीनं होकार दिला.

आळेफाट्याला पुण्याची गाडी मिळाली आणि कंडक्टर नेमका तोच. त्यानं आमच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"आजी, देव कुठं हाय?"

पदराच्या गाठीत एक पितळी बिल्ला होता. मी तो चाचपून पाहिला.

"माहेरी पोचवला," मी म्हणाले. "दोन तिकिटं द्या. पूर्ण."